नागपुरात पहिल्या मुलाखतीला जाताना

दर रविवारी सकाळी दहा ते एक मी आमच्या भागातल्या एका अभ्यासिकेत बसते. पोरंपोरी येतात, मी त्यांची सरावाची मुलाखत घेते आणि मग आम्ही त्यावर बोलतो. बाकीचे सहा दिवस हिंगणा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम. तिथे नवा माणूस घ्यायचा असला की घेणाऱ्यांच्या बाजूला मलाही एक खुर्ची असते.

अभ्यासिकेत येणारे बहुतेक बाहेरगावचे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, आर्वी, वणी, उमरेड. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, आणि घरून दर दोन दिवसांनी एकच फोन, "झालं का काही?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम., बी.एस्सी. करून पहिल्या किंवा दुसऱ्या नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठी.

आधी माझी गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी पहिली मुलाखत दिली. समोरच्या साहेबांनी प्रोजेक्टबद्दल विचारलं. मी म्हणाले, "आम्ही ड्रिलिंग जिग बनवला." जिग म्हणजे भोक नेमक्या जागी पडावं म्हणून वापरायचा साचा. ते म्हणाले, "बरं, त्यात तू काय केलंस?" मी म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी मिळूनच केलं सर." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. खरं तर चारही ड्रॉइंग माझ्या हातची होती आणि बुश, म्हणजे भोकात बसवायची धातूची नळी, घट्ट बसत नव्हता तेव्हा वर्कशॉपमध्ये दोन दिवस मीच उभी होते. पण "मी केलं" म्हणायला जीभ वळली नाही. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. साहेबांनी फाईल मिटली. ती नोकरी गेली, आणि का गेली हे कळायला मला फार वर्षं लागली.

आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी तेच रोज ऐकते. "काय काय येतं?" "सगळंच येतं मॅडम, थोडंफार." या उत्तरावर समोरचा माणूस काहीच ठरवू शकत नाही. त्याला नाही म्हणायचं नसतं, पण हो म्हणायला तुम्ही त्याच्या हातात काही ठेवलेलंच नसतं.

पत्ता आणि कंपनी

फोन आला की आनंदात आपण "हो सर, येतो सर" म्हणून ठेवून देतो. ठेवू नका. चार गोष्टी विचारून लिहून घ्या: पूर्ण पत्ता, कोणाला भेटायचं, कोणत्या पदासाठी आणि किती वाजता. फोन ०७१२ने सुरू होणाऱ्या लँडलाइनवरूनही येतो, म्हणून अर्ज टाकले असतील त्या आठवड्यात अनोळखी नंबर कापू नका.

पत्त्यावर एवढा जोर का देते? कारण नागपुरात नुसतं "एमआयडीसी" म्हटलं की कोणती, हा प्रश्न उरतोच. हिंगण्याची एमआयडीसी शहराच्या पश्चिमेला आणि बुटीबोरी दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर. कळमेश्वर तिसऱ्याच दिशेला. गेल्या वर्षी तिरोड्याचा एक मुलगा सकाळी नऊला हिंगण्यात उभा होता आणि त्याची कंपनी बुटीबोरीत होती. पोचेपर्यंत सव्वाबारा झाले. "आयटी पार्क"चंही तसंच आहे. परसोडीचा आयटी पार्क गायत्रीनगरजवळ शहरात आहे, तर टीसीएस, एचसीएल यांची कार्यालयं मिहानमध्ये, विमानतळाच्या पलीकडे.

जायचं कसं तेही आदल्या दिवशी ठरवा. मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत जाते, तिथून हिंगणा एमआयडीसी जवळ आहे, शेअर ऑटो मिळतात. मिहानसाठी ऑरेंज लाइनने खापरीला उतरावं लागतं, पण स्टेशन म्हणजे कंपनीचं गेट नव्हे. पुढचं अंतर बरंच आहे आणि उन्हाळ्यात ते चालत जाण्याजोगं नाही. सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, आत असलेल्या कंपनीत जायचं तर गेटवर ओळखपत्र दाखवून पास बनवावा लागतो, त्याला वेळ लागतो. बुटीबोरीसाठी एसटी किंवा वर्ध्याकडे जाणारी, तिथे थांबणारी रेल्वेगाडी. शक्य असेल तर एक दिवस आधी जाऊन गेट पाहून या. थोडे पैसे जातील, पण रात्री झोप लागेल.

मग कंपनी काय करते ते पाहा. सगळा इतिहास पाठ करायची गरज नाही. त्यांच्या वेबसाइटवर तीन गोष्टी शोधा: काय बनवतात किंवा कोणती सेवा देतात, कोणाला विकतात, आणि तुमचं पद त्या साखळीत कुठे बसतं. ट्रॅक्टरच्या कारखान्यात जाणार असाल तर ट्रॅक्टर घरी आहे का, त्याचं काय बिघडतं, हे सांगू शकणारा मुलगा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो. औषध कंपनी असेल तर स्वच्छता आणि नोंदी यांना तिथे किती महत्त्व आहे हे आधी वाचून जा. एवढ्याला एक तास पुरतो.

वहीतल्या चार घटना

तयारीचा खरा भाग हा आहे आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. दोनशे रुपयांची प्रश्नोत्तरांची पुस्तकं बाजूला ठेवा, एक शंभर पानी वही घ्या.

त्या वहीत तुम्ही स्वतः केलेल्या कामाच्या चार घटना लिहा. नोकरीच हवी असं नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट, अप्रेंटिसशिप, काकाच्या दुकानातला हिशेब, गावातल्या शिबिराची व्यवस्था, शेतातल्या पंपाची मोटर. प्रत्येक घटनेत काय अडलं होतं, मी काय केलं, कशानं केलं, किती वेळ लागला आणि शेवटी काय झालं ते लिहा. वाक्यं "मी"ने सुरू करा. आणि जिथे जिथे आकडा घालता येईल तिथे घाला.

भंडाऱ्याची एक मुलगी होती, बी.कॉम. झालेली. रिझ्युममध्ये तिनं लिहिलं होतं, "अकाउंट्सचे ज्ञान, टॅली येते." मी विचारलं, कुठे शिकलीस?

"तुमसरला एका राइस मिलमध्ये जात होते मॅडम. काही विशेष नाही. बिलं वगैरे."

"बिलं म्हणजे काय करायचीस?"

"खरेदीची बिलं टॅलीत टाकायची. मग महिन्याला ते २बी जुळवायचं."

"कोणी जुळवायचं?"

"मीच."

"किती बिलं असायची?"

ती थोडी थांबली. "सीझनमध्ये तीनशे-साडेतीनशे. ज्यांनी त्यांच्या रिटर्नमध्ये आमचं बिल दाखवलं नाही त्यांना फोन करायचे, नाहीतर मालकांचं क्रेडिट अडकायचं. वीस तारखेच्या आत सगळं लागायचं."

ज्यांचा अकाउंट्सशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. जीएसटीआर-२बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून तयार होणारी यादी. तुमच्या खरेदीच्या नोंदी तिच्याशी जुळल्या नाहीत तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तिची मिल दर महिन्याला ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरायची आणि त्याची मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत असते. म्हणजे ही मुलगी महिन्याला तीनशे बिलं तपासून, न जुळणारी शोधून, व्यापाऱ्यांशी फोनवर भांडून मालकाचे पैसे वाचवत होती आणि त्याला "काही विशेष नाही" म्हणत होती. ज्या कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवी आहे त्याला नेमकी हीच हवी आहे! आम्ही ते तिच्या वहीत तिच्याच शब्दांत लिहिलं आणि दुसऱ्या महिन्यात ती कामाला लागली.

मला माहीत आहे, हे बोलताना बढाई मारल्यासारखं वाटतं. फरक लक्षात ठेवा. "मी फार मेहनती आहे, प्रामाणिक आहे, टीम प्लेअर आहे" ही बढाई, कारण ती तपासता येत नाही. "सीझनमध्ये महिन्याला साडेतीनशे बिलं मी जुळवत होते" ही माहिती. त्यावर समोरचा पुढचा प्रश्न विचारू शकतो आणि तुम्ही त्याचंही उत्तर देऊ शकता, कारण ते काम तुमच्या हातून गेलेलं आहे.

काम खरोखर चौघांनी केलं असेल तर तेही सांगा, पण वाटणी करून: "आम्ही चौघं होतो, ड्रॉइंग आणि ड्रिलिंग माझ्याकडे होतं."

रिझ्युम

एक पान. दुकानातून तयार करून घेतलेल्या रिझ्युमवर वर चार ओळींचं इंग्रजी उद्दिष्ट असतं, सगळ्यांचं सारखंच. ते काढून टाका आणि तिथे वहीतल्या दोन घटना दोन-दोन ओळींत लिहा. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, "वरील माहिती खरी आहे" ही शपथ यांची खासगी कंपनीत गरज नाही. नाव-आडनावाचा साधा ईमेल आयडी, चालू फोन नंबर, शिक्षण वर्षासह. टक्के कमी असतील तरी लपवू नका, मार्कशीट बघितली जातेच. जे सॉफ्टवेअर किंवा मशीन तुम्ही एकदाच लांबून पाहिलंय ते लिहू नका. रिझ्युममधल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो असं धरूनच लिहा.

मोठ्यानं बोलून बघा

मनात उत्तर तयार असणं आणि तोंडातून बाहेर येणं यांत खूप अंतर आहे. रूममेटला समोर बसवा, फोनवर रेकॉर्ड करा, मग ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तिसऱ्यांदा ऐकताना कळतं की आपण उत्तराच्या शेवटी आवाज गिळतो.

भाषेची भीती सगळ्यांनाच असते. माझा अनुभव असा: नागपुरात कारखान्यातल्या मुलाखती इंग्रजीत सुरू होतात आणि तांत्रिक भाग आला की हिंदीवर किंवा मराठीवर येतात. आयटी आणि कॉल सेंटरमध्ये मात्र इंग्रजी शेवटपर्यंत लागतं. म्हणून स्वतःची ओळख आणि वहीतल्या चार घटना साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत तयार ठेवा. पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दावर अडलं की सगळंच जातं. मध्ये अडखळलात तर "सर, हे मी हिंदीत सांगू का?" असं सरळ विचारा. मी आजवर एकाही उमेदवाराला त्यासाठी नाही म्हटलेलं नाही.

आणि आपल्या वऱ्हाडी-झाडी बोलीची लाज बाळगू नका. "जाऊन राह्यलो" तोंडातून गेलं म्हणून कोणी नापास करत नाही. त्याच्या भीतीनं माणूस गप्प बसला तर मात्र नुकसान होतं.

फाईल आणि कपडे

फाईलमध्ये रिझ्युमच्या तीन प्रती, मार्कशीट आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, आधार, पॅन, चार फोटो, एक चालणारं पेन. मूळ कागद दाखवायला सोबत न्या, पण कोणाकडेही ठेवून येऊ नका. मूळ मार्कशीट जमा करून घेणारी जागा दिसली तर तिथून परत या.

कपडे स्वच्छ आणि इस्त्रीचे, एवढंच. नवे घ्यायला हवेत असं नाही. शॉप फ्लोअरच्या नोकरीसाठी बंद बूट घाला, कारण बऱ्याचदा मुलाखतीनंतर आत नेऊन मशीन दाखवतात आणि चप्पल घातलेल्याला आत सोडत नाहीत. मुलींनी ओढणी असेल तर पिन लावून घ्या, त्याच कारणानं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. दुपारी बाराची मुलाखत असेल तर अकराला तिथे पोचा. टू-व्हीलरवर असाल तर डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, अंगात दुसरा शर्ट, आणि मुलाखतीचा शर्ट घडी करून बॅगेत. गेटवर पाणी पिऊन, तोंड धुऊन, शर्ट बदलून दहा मिनिटं सावलीत बसा. उन्हातून थेट एसीत गेलं की डोकं गरगरतं आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वाया जातात. गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांशी नीट बोला. "तो मुलगा बाहेर कसा होता?" हे आमच्याकडे त्यांना विचारतात.

खोलीत

आत गेलात की नमस्कार, बसायला सांगितलं की बसा, फोन बंद. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी "स्वतःबद्दल सांगा." नाव आणि गाव एका वाक्यात, शिक्षण एका वाक्यात, मग लगेच वहीतली सगळ्यात जवळची घटना. दीड मिनिटात संपवा. घरी किती भावंडं आहेत हे त्यांनी विचारलं तरच.

कामाची परीक्षा टेबलावरही होते. आमच्याकडे मी एक व्हर्निअर कॅलिपर (बारीक माप घ्यायचं हत्यार) आणि एक घासलेला बुश समोर ठेवते आणि म्हणते, याचा बाहेरचा व्यास सांगा. एकदा एकापाठोपाठ दोन मुलं आली. पहिल्यानं लीस्ट काउंटची, म्हणजे हत्यार मोजू शकतं त्या सगळ्यात लहान मापाची, व्याख्या अस्खलित सांगितली, ०.०२ मिलिमीटर, आणि कॅलिपर उचलून थेट रीडिंग दिलं. दुसऱ्याला व्याख्या नीट जमली नाही. पण त्यानं कॅलिपर हातात घेतला, जबडे रुमालानं पुसले, ते बंद करून उजेडाकडे धरले, आणि म्हणाला, "मॅडम, हा शून्यावर येत नाही, एक रेघ पुढे आहे." मग बुश तीन जागी फिरवून मोजला, तिन्ही आकडे कागदावर लिहिले, त्यातून चूक वजा केली. "एका बाजूला जास्त घासलाय." कॅलिपर मी मुद्दाम तसाच ठेवला होता. तो मुलगा आज आमच्या इन्स्पेक्शनला आहे. हातातली वस्तू कशी धरता, मोजण्याआधी काय तपासता, हे बघणाऱ्याला दिसतं. तेव्हा आयटीआयच्या मुलांनी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात आपल्या ट्रेडची दोन-तीन साधी हत्यारं पुन्हा हातात घ्यावीत.

एखादी गोष्ट येत नसेल तर अंदाज मारू नका. "हे मी केलेलं नाही. याच्या जवळचं म्हणजे अमुक केलं आहे" असं म्हणा आणि ते सांगा.

काही प्रश्न आपल्या भागात हमखास येतात, ते घरी ठरवून जा.

नागपूर सोडून पुण्याला किंवा दुसऱ्या प्लांटला जाल का? इथे "चालेल, कुठेही" हे उत्तर सोपं वाटतं. मग ऑफर आल्यावर घरचे नाही म्हणतात आणि कंपनीच्या यादीत तुमचं नाव कायमचं खराब होतं. आईवडिलांशी आधी बोला. "पहिलं वर्ष नागपुरात हवं, नंतर जाऊ शकतो" असं खरं उत्तर दिलेलं मला आवडतं.

मधली दोन वर्षं काय केलं? स्पर्धा परीक्षेची तयारी केली असेल तर तेच सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अर्धा विदर्भ अभ्यासिकेत बसलेला आहे. समोरच्याची शंका वेगळीच असते: हा निकाल लागला की सोडून जाईल का? तिचं उत्तर द्या. कोणती परीक्षा, कुठपर्यंत गेलात, कधी थांबायचं ठरवलं, त्यानंतर या कामासाठी काय शिकलात. अजून फॉर्म भरत असाल तर खोटं बोलू नका.

मुलींना लग्नाबद्दल विचारतात. विचारू नये, पण विचारतात. मी मुलींना सांगते, चिडू नका आणि वैयक्तिक माहितीही देऊ नका. "कामाच्या वेळा आणि शिफ्ट मला जमतील, घरी त्याबद्दल बोलणं झालं आहे" असं म्हणा आणि लगेच उलट विचारा: शिफ्ट किती वाजता सुटते, कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते का? दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला तर ती जागा कशी आहे ते तुम्हाला कळलंच.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचं आहे?" म्हणतात तेव्हा नाही म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत माझं काम काय असेल आणि मी कोणाच्या हाताखाली असेन, हे दोन प्रश्न कुठेही चालतात.

मुलाखत ऑनलाइन असेल तर खोलीतल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा, खिडकी तोंडासमोर येईल असे बसा, आणि वीज गेली तर फोनचं नेट तयार ठेवा.

पगाराची बोलणी

इथे आपली मुलं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून आकडे मांडून दाखवते. जाहिरातीत "वर्षाला २ लाख ४० हजार" लिहिलं की आपण भागाकार करून महिन्याला २० हजार धरतो आणि घरी फोन करून सांगतो. पण तो आकडा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च.

समजा त्या २० हजारांत बेसिक १०,००० आहे. कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये, त्यातच मोजते. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, ४.८१ टक्के धरतात, ते ४८१. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा, कंपनीचा वाटा ग्रॉसच्या ३.२५ टक्के, इथे साधारण ५७७. हे वजा झाल्यावर तुमचा ग्रॉस, म्हणजे तुमच्या वाट्याच्या कपातीआधीचा पगार, उरतो १७,७४२. आता तुमच्या वाट्याची कपात: पीएफ पुन्हा १,२००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३४, आणि व्यवसाय कर २०० रुपये, जो फेब्रुवारीत ३०० असतो. हातात येतात सुमारे १६,२००. महिलांना महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांच्या हातात दोनशे जास्त.

पीएफ कापला जातो म्हणून नाराज होऊ नका, तो तुमचाच पैसा आहे. आणि ईएसआय असेल तर कुटुंबाच्या दवाखान्याचा मोठा आधार होतो. ग्रॉस २१ हजारांपर्यंत असेल तर तो लागू होतो. फक्त विचारायला शिका: "सर, इन-हँड किती येईल? पीएफ, ईएसआय आहे का?" हा प्रश्न विचारला म्हणून चांगली कंपनी रागावत नाही. अपेक्षा विचारली तर आकडा सांगा. आधी खोली, डबा, येणं-जाणं, घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब कागदावर करून जा, म्हणजे तो आकडा तुमचा असेल.

बॉन्ड असेल तर सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. किती महिने, सोडलं तर किती रक्कम, आणि ट्रेनिंगचा काळ त्यात धरला आहे का. "आत्ताच सही करा" म्हणत असतील तर एक रात्र मागून घ्या.

पैसे मागणारे

गावाकडच्या मुलांना हे तळमळीनं सांगावंसं वाटतं. नोकरीसाठी पैसे द्यायचे नाहीत. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट, मेडिकल, काहीही नाव असो. कंपनीनं निवडल्यावर कंपनी पैसे देते, मागत नाही.

"रेल्वेत लावून देतो, मुलाखत सेट आहे" म्हणणारा कोणी भेटला तर एक गोष्ट लक्षात असू द्या. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या भरतीतली मुलाखतच बंद केली आहे. क्लार्कच्या ज्या पदाला मुलाखतच नाही, तिथे सेटिंग कशाची करणार? तरी शेत गहाण ठेवून पैसे देणारी घरं मी पाहिली आहेत. पैसे ऑनलाइन गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितकं लवकर कराल तितकी ते अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बाहेर आल्यावर

त्याच संध्याकाळी, डबा खायच्या आधी, वहीत सगळे प्रश्न लिहून काढा. कुठे अडलात तेही. पुढच्या मुलाखतीत यातले बरेच पुन्हा येतात. रविवारी माझ्याकडे येताना मुलं हीच पानं घेऊन येतात आणि आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

आठ दिवसांत फोन आला नाही तर एक मेल टाका. रोज फोन करू नका, पण एकदा विचारणं तुमचा हक्क आहे. इंग्रजी जमत नसेल तर मराठीतही चालेल, असा: "नमस्कार. १२ तारखेला क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी माझी मुलाखत झाली होती. आपण विचारलेला शून्याच्या चुकीचा भाग मी नंतर पुन्हा करून पाहिला, आता तो नीट समजला आहे. निवडीबद्दल काही कळवता येईल का? मी पुढच्या सोमवारपासून रुजू होऊ शकतो." खाली नाव आणि फोन नंबर.